एखादा देश एवढा दाट का भरलाय, हे शोधायचं कसं (सरावाला आपला नाशिक जिल्हा)

बांगलादेशात एवढी माणसं का, असा प्रश्न कुठेही टाका, कट्ट्यावर टाका नाहीतर फॅमिली ग्रुपवर, पहिलं उत्तर ठरलेलं, "पोरं जास्त होतात त्यांना". आता नायजर बघा. आफ्रिकेतला देश, एका बाईमागे सरासरी सहा किंवा त्याहून जास्त मुलं, जगात सगळ्यात वरच्या नंबरांत, आणि घनता किती, तर चौरस किलोमीटरला वीसेक माणसं. बांगलादेशात एका बाईमागे आता दोनाच्या आसपास मुलं आणि घनता अकराशेच्या वर. आपलं केरळ घ्या, तिथे कित्येक वर्षं जन्मदर कमी आहे तरी २०११ च्या जनगणनेत घनता ८६०. म्हणजे पोरांवाला मुद्दा पहिल्याच बॉलला आउट. अगदी खोटा आहे असं नाही, तो येतो पुढे, पण फार उशिरा येतो.

भूगोलाच्या पुस्तकात याचं उत्तर असतं, प्राकृतिक घटक, आर्थिक घटक, सामाजिक घटक, राजकीय घटक, प्रत्येकाला चार ओळी. मार्क मिळतात त्यात. पण एक देश समोर ठेवून "हाच का दाट, शेजारचा का नाही" विचारलं की ती यादी काही बोलत नाही, कारण कुठला घटक आधी बघायचा तेच तिच्यात नसतं, सगळे एका मापाचे. माझ्या मते सगळी गंमत क्रमात आहे. खाली जो क्रम देतोय त्याने गेलात की बहुतेक देशांचं कोडं एका संध्याकाळी सुटतं, लागतं काय तर एक ॲटलास, इंटरनेट आणि एक्सेल, एक्सेल नसेल तर वही. आणि सरावाला आपला नाशिक जिल्हा घ्यायचा, कारण घाट, काळी जमीन, दुष्काळी पट्टा, एमआयडीसी, यंत्रमाग, सगळं एकाच जिल्ह्यात मिळतं.

आधी आकडा फोडायचा

देशाची घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, एवढंच. हा आकडा जवळजवळ नेहमी फसवतो. पंचवटी एक्सप्रेसची एकूण माणसं भागिले एकूण डबे केलं तर जनरल डब्यात काय हाल आहेत ते कळणार आहे का, तसंच हे.

नाशिक जिल्हा, २०११ ची जनगणना, ६१ लाख माणसं, साधारण १५,५३० चौरस किलोमीटर, घनता ३९३. महाराष्ट्राची ३६५, म्हणजे आपण राज्याच्या सरासरीपेक्षा थोडे दाट. आता यातून नाशिक शहर बाजूला काढा. महापालिका हद्द साधारण २६० चौरस किलोमीटर आणि माणसं १४.८६ लाख. वजाबाकी करून परत भागाकार करा, उरलेल्या जिल्ह्याची घनता तीनशेच्या आसपास येते. शहराची एकट्याची साडेपाच हजारांच्या पुढे. म्हणजे ३९३ माणसांचा चौरस किलोमीटर जिल्ह्यात शोधायला गेलात तर तसा क्वचितच सापडेल, एकतर त्याहून बराच भरलेला नाहीतर बराच रिकामा.

हेच देशाला करायचं. प्रांतवार लोकसंख्या आणि क्षेत्रफळ उतरवून घ्या, भागाकार करा, मोठ्यापासून छोट्याकडे सॉर्ट करा. इजिप्तची घनता कागदावर शंभरच्या थोडी पुढे, म्हणजे आपल्या जिल्ह्यापेक्षाही कितीतरी विरळ, पण तिथली साधारण ९५ टक्के माणसं नाईलच्या काठावर आणि मुखाकडच्या त्रिभुज प्रदेशात, देशाच्या पाचेक टक्के जमिनीवर राहतात, बाकी सगळं वाळवंट. नाईलकाठचा हिशेब वेगळा केला की इजिप्त जगातल्या सगळ्यात गच्च देशांमध्ये जाऊन बसतो. चीनचं तर क्लासिक आहे, हू हुआनयोंग नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९३५ साली ईशान्येतल्या हेइहेपासून नैऋत्येतल्या तेंगचोंगपर्यंत नकाशावर एक तिरकी रेघ मारली, रेघेच्या पूर्वेला जवळजवळ सगळा देश राहतो, पश्चिमेला प्रचंड जमीन आणि मूठभर माणसं. आज एवढी शहरं वाढली, एवढं स्थलांतर झालं, तरी पूर्वेला ९४ टक्क्यांच्या आसपास माणसं आहेतच. रेघ काही हलली नाही.

हिशेब करताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक म्हणजे क्षेत्रफळात पाणी धरलंय का ते बघा, नेदरलँड्स पाणी धरून साडेएकेचाळीस हजार चौरस किलोमीटर आहे आणि नुसती जमीन साडेतेहतीस हजार, त्यामुळे एका साइटवर घनता ४३० दिसते आणि दुसऱ्या साइटवर ५३०, दोन्ही बरोबरच. दुसरं म्हणजे वर्ष. भारताचे जनगणनेचे आकडे २०११ चे असतात, २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, आणि परदेशाचे आकडे ताजे असतात, मग लोक दहा-पंधरा वर्षांच्या फरकाची तुलना करत बसतात.

आणि हो, सीमारेषा कुठून गेलीय ते याच टप्प्यावर बघून घ्या. बांगलादेश साधारण १.४८ लाख चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि त्यात १७ कोटी माणसं. जवळजवळ सगळा देश गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघनेच्या गाळावर. त्यांच्याकडे थरचं वाळवंट नाही, लडाख नाही, अरुणाचल नाही. २०११ ला बिहारची घनता ११०६ आणि पश्चिम बंगालची १०२८, म्हणजे गंगेचं मैदान इकडे काय आणि तिकडे काय, जवळपास सारखंच भरलंय. फरक एवढाच की भारताच्या सरासरीत अरुणाचलचे १७ पण येतात म्हणून आपण ३८२ वर दिसतो, आणि त्यांच्या सरासरीत रिकामं असं काही येतच नाही. बांगलादेश दाट का याचं अर्धं उत्तर तरी हे आहे की १९४७ ला जी रेघ पडली तिच्या आत नुसता भरलेला भाग आला. मोनॅको, सिंगापूर वगैरेंचं तर सगळंच उत्तर हे आहे, शहराभोवती देशाची हद्द आखली की घनता हजारांत जाणारच, त्यामुळे यादीत पहिल्या नंबरांना दिसणारे चिटुकले देश बाजूला ठेवा आणि मग तुलना सुरू करा.

मग पाणी आणि माती, पण नीट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडे इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा घाटाकडचा पट्टा, पाऊस बदाबदा, इगतपुरीला तर तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. येवला-नांदगावला पाचशेच्या आसपास, आणि तोही नखरे करत करत. पावसाप्रमाणे माणसं वसत असती तर सुरगाणा-पेठ गच्च भरलं असतं आणि निफाड रिकामं. झालंय उलटं. सुरगाण्याकडे उतार, मातीचा थर पातळ, पडलेलं पाणी नार, पार, दमणगंगेतून थेट पश्चिमेला निघून जातं, नागली, वरई, भात असं पावसाळ्यातलं एक पीक निघतं आणि मार्च-एप्रिलपासून त्याच गावांत बायका हंडे घेऊन विहिरीत उतरतात. निफाडला पाऊस घाटाच्या मानाने काहीच नाही, पण गोदा आणि कादवेच्या काठची खोल काळी जमीन आहे, आणि घाटात पडलेलं पाणी दारणा, गंगापूरला अडवून खाली नांदूरमध्यमेश्वरपर्यंत आणून कालव्यांना दिलंय, दारणा धरण तर १९१६ चं, म्हणजे शंभरी उलटली. मग कांदा, गहू, ऊस, द्राक्षं, लासलगाव-पिंपळगावचे बाजार, आणि द्राक्षांच्या छाटणी-खुडणीला पेठ-सुरगाण्याचीच माणसं खाली येतात.

म्हणून पाऊस किती पडतो यापेक्षा पाणी वर्षाचे किती महिने शेतात मिळतं ते शोधा, आणि माती खोल आहे की धुऊन गेलेली ते शोधा.

आता हाच चष्मा लावून इंडोनेशिया बघा, फार भारी जोडी आहे ती. जावा आणि बोर्निओ, बोर्निओचा इंडोनेशियातला भाग म्हणजे कालिमांतान. एकच सरकार, दोन्ही विषुववृत्ताजवळ, दोन्हीकडे पाऊस मायंदाळ. जावा साधारण १.३ लाख चौरस किलोमीटर आणि पंधरा कोटी माणसं. कालिमांतान त्याच्या चौपट मोठं आणि माणसं पावणेदोन कोटींच्या आसपास. अकराशेच्या वर विरुद्ध तीस! धर्म, सरकार, कायदे यातलं काहीच हा फरक समजावू शकत नाही. जावावर ज्वालामुखींची रांगच आहे, ते अधूनमधून राख ओततात, राखेतून नवी खनिजं मातीत येत राहतात, वर उतारावरून वाहणारं पाणी भाताच्या खाचरांत वळवता येतं. बोर्निओत तसे ज्वालामुखी जवळजवळ नाहीत, जुनी माती लाखो वर्षं पावसाने धुतलेली, सत्त्व निघून गेलेलं, किनाऱ्याकडे दलदल. जंगल हिरवंगार दिसतं पण ते तोडून शेती केली की थोड्याच वर्षांत जमीन दम टाकते. डच सरकारने १९०५ पासून आणि नंतर इंडोनेशियाच्या सरकारने जावातून माणसं उचलून बाकीच्या बेटांवर वसवायचा कार्यक्रम कित्येक दशकं चालवला, लाखो लोक हलवले, तरी देशातली निम्म्याहून जास्त माणसं आजही जावातच. ॲमेझॉनचं खोरं विरळ का, हेही याच हिशेबात बसतं. आणि आफ्रिकेच्या मधोमध रवांडा नावाचं चिमुकलं राष्ट्र पाचशेच्या घनतेचं का, तर उंच डोंगराळ भाग, हवा थंड, पाऊस दोन हंगामांत, काही भागात ज्वालामुखीची माती, आणि उंचीमुळे मलेरिया आणि जनावरं मारणारी त्सेत्से माशी पूर्वी खालच्या सखल भागापेक्षा कमी. डोंगराळ म्हणजे विरळ हा नियम आपल्या हवेत चालतो, विषुववृत्तापाशी नाही चालत.

मुख्य पीक कोणतं

हा प्रश्न लोक सोडूनच देतात. भात एका एकरात गव्हापेक्षा जास्त माणसं पोसतो आणि पाणी असेल तर वर्षात दोनदा, कुठे कुठे तीनदा येतो. पण तो माणसं मागतोही, चिखलणी, लावणी, निंदणी, कापणी, सगळीकडे हात लागतात. जास्त हात म्हणजे जास्त उत्पन्न, जास्त उत्पन्न म्हणजे अजून माणसं, हे चक्र शेकडो वर्षं फिरलं की बंगाल, जावा, दक्षिण चीन, व्हिएतनामचा लाल नदीचा भाग तयार होतो. उलट मेंढपाळी घ्या, मंगोलियात साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरवर पस्तीसेक लाख माणसं, चौरस किलोमीटरला दोन-सव्वादोन, कारण एका कुटुंबाची जनावरं चरायलाच किती गवत लागतं. आणि पीक बदललं तर घनता बदलते. बांगलादेशात हिवाळी बोरो भात ट्यूबवेल आल्यावर प्रचंड वाढला, आधी जी शेतं उन्हाळ्याच्या तोंडाला मोकळी पडायची त्यांच्यातून मुख्य पीक निघायला लागलं, नाहीतर एवढ्या माणसांना घरचा भात पुरला नसता. आयर्लंडचं उलटं. बटाट्यावर बेट भरलं, १८४१ ला ८२ लाख माणसं, १८४५ पासून करपा आला, दहाएक लाख मेले, तेवढेच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून देश सोडून गेले, आणि पुढेही जात राहिले. आज सगळं बेट मिळून सत्तर लाखांच्या थोडं वर. पावणेदोनशे वर्षांनंतरही १८४१ गाठलेलं नाही, युरोपात असं दुसरं उदाहरण शोधून सापडत नाही.

माणसं किती जुनी, आणि मधे काय घडलं

जमीन चांगली आहे पण माणसं नाहीत असा देश लागला की इतिहासात मधे मोठी तूट शोधायची. अमेरिका खंडात १४९२ नंतर देवी, गोवर वगैरे रोगांनी मूळ लोकांचा बहुतांश भाग संपला, म्हणून तिथे आजही सुपीक जमिनीच्या मानाने माणसं कमी वाटतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून अटलांटिकपलीकडे सव्वा कोटीच्या आसपास माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली. ऑस्ट्रेलियात तर शेतीची परंपराच वेगळी आणि बहुतेक खंड कोरडा, युरोपियन वस्ती १७८८ ची, त्यामुळे आजही चौरस किलोमीटरला तीन-चार माणसं आणि तीही किनाऱ्याला चिकटलेली. हा टप्पा मी पटकन उरकतो, कारण जिथे लागतो तिथे लगेच दिसतो.

आता पोरांचा मुद्दा

इथे येतो तो. प्रश्न असा विचारायचा की त्या देशात मृत्यू कधी कमी झाले आणि जन्म कधी कमी झाले, आणि मधे किती वर्षं गेली. लसी आल्या, पाणी सुधारलं, मलेरियावर फवारणी झाली की मृत्यू झपकन खाली येतात, जन्म मात्र एक-दोन पिढ्यांनी खाली येतात, कारण पाचातली दोन जगतील हा हिशेब डोक्यातून जायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात लोकसंख्या फुगते. बांगलादेशात १९७० च्या दशकात एका बाईमागे सहा-सातच्या आसपास मुलं होती, आता दोन, तरीही आकडा वाढतोय, कारण त्या मोठ्या पिढीच्या पोरीच आता आया झाल्यात, प्रत्येकीने दोनच मुलं काढली तरी बेरीज वाढणारच. पण नीट बघा, ही फुगी ज्या जागेवर बसली ती आधीच भरलेली होती. नायजरमध्ये फुगी मोठी आहे पण पाया छोटा आणि देशाचा बराचसा भाग सहारा. म्हणून म्हटलं हा प्रश्न उशिरा घ्यायचा, तो पहिल्या टप्प्यांना गुणतो, त्यांची जागा घेत नाही.

शेतीच्या बाहेर काम

मालेगावच्या बाजूला ना फार पाऊस ना निफाडसारखे कालवे, तरी २०११ ला शहरात पावणेपाच लाखांच्या वर माणसं, कारण माग. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून विणकर येऊन राहिले, हातमागाचे यंत्रमाग झाले आणि माणूस माणसाला ओढत गेला. नाशिकचं तेच, सातपूर-अंबडच्या कंपन्या, १९६४ चा ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडची नोटांची आणि स्टॅम्पची प्रेस, जमिनीने पोसली नसती एवढी माणसं पगाराने पोसली.

नेदरलँड्स याच खात्यातला. देशाचा साधारण चौथा भाग समुद्रसपाटीच्या खाली, तरी चौरस किलोमीटरला पाचशेच्या वर माणसं, कारण सतराव्या शतकातच ते बाल्टिककडून धान्य जहाजांनी आणून खात होते आणि स्वतः व्यापार, मासे, दूधदुभतं यांच्यावर जगत होते. दक्षिण कोरिया, जपान, सिंगापूर सगळे बाहेरून अन्न आणून खातात. आखातात बहारीन, कतार घ्या, पाणी समुद्राचं खारटपण काढून, धान्य आयात, आणि कामाची माणसंही आयात. कतारच्या लोकसंख्येत पुरुषांचा आकडा बायकांच्या अडीचपटीच्या आसपास दिसला की समजायचं ही घनता व्हिसावर आलेली आहे, पाळण्यातून आलेली नाही. स्त्री-पुरुष प्रमाणाचा कॉलम म्हणून कधी सोडू नका.

जाता जाता, दाट म्हणजे गरीब असं जे फॉरवर्ड फिरतं त्याला वरचीच नावं पुरेत, एकीकडे नेदरलँड्स आणि कोरिया दाट आणि श्रीमंत, दुसरीकडे नायजर आणि चाड विरळ आणि गरीब.

एक देश पूर्ण सोडवून बघू, मॉरिशस

मुद्दाम हा घेतला कारण इथे वरचे काही नियम अडखळतात. साधारण २,०४० चौरस किलोमीटर, साडेबारा लाखांच्या आसपास माणसं, घनता सहाशेच्या वर. आकडा फोडला तर वस्ती बऱ्यापैकी बेटभर पसरलेली, एका शहराची करामत नाही. सीमेचा खेळ थोडाफार, बेट आहे, रिकामं वाळवंट जोडीला नाही. माती ज्वालामुखीची, पाऊस भरपूर, इथवर जावासारखं. पण माणसं किती जुनी, तर अजिबात जुनी नाहीत, डच १६३८ ला राहायला येईपर्यंत बेटावर कायमची वस्तीच नव्हती, म्हणजे भातशेतीचं हजार वर्षांचं चक्र इथे लागू नाही. मग पीक कोणतं, ऊस. ऊस माणसं मागतो, पोसत मात्र नाही, साखर विकून तांदूळ आणायचा. फ्रेंचांनी मळ्यांसाठी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, १८१० ला बेट इंग्रजांकडे गेलं, १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, म्हणून भारतातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली, बरीचशी बिहार-उत्तर प्रदेशाकडची, तमिळ-तेलुगू भागातली, आणि मुंबईतून बोटीत बसलेली आपल्या कोकणातलीसुद्धा. त्यांच्यामुळे तिथे आजही मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मग १९४० च्या दशकाच्या शेवटी मलेरियावर फवारणी झाली, मृत्यू धाडकन खाली आले, पुढच्या वीसेक वर्षांत लोकसंख्या पावणेदोनपट झाली. नंतर जन्मदरही घसरला, आज दोनाच्या बराच खाली, आणि १९७० नंतर कपड्यांचे कारखाने नि पर्यटन आलं म्हणून आहेत तेवढी माणसं बेटावर पोटापाण्याला लागली. म्हणजे इथे जमिनीने जागा दिली, माणसं मळेवाल्यांनी आणली, आणि डास आटोक्यात आल्यावर आकडा चढला.

पुढचा सराव म्हणून नेपाळ घ्या. डोंगर आणि तराई (भारताला लागून असलेला सपाट पट्टा) वेगवेगळे मांडा, १९५१ नंतरच्या जनगणना ओळीने लावा आणि माणसं कुठून कुठे सरकली ते बघा. हिंट देतो, तिथेही डासापासून सुरुवात करा.